टेबल काढून टाकते

हॉलच्या मालकाने मोबाइल माझ्या सुनेच्या तोंडापुढे धरला आणि बसलेल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ओ ताई, हे काय व्हय? अर्धा स्टेज दिसते, अर्धा गायब. बोटानं आडवं आडवं सरकवत जा लागते. माह्या हॉलात वरात काय खेकड्यासारखी येईन का?"

लोक हसले.

हे अकोल्यातलं मंगल कार्यालय. त्याचं इंटरनेटवरचं पान सुनेने बनवलं होतं. माझा मुलगा वारल्यावर तिने आमच्या अमरावतीतच कॉम्प्युटरचा क्लास लावला, आणि हे तिचं पहिलं काम. आमच्या कॉम्प्युटरवर पान झकास दिसत होतं. मोबाइलवर त्याचं वाटोळं झालं.

मालक म्हणाला, "शनिवारपर्यंत नीट करून द्या, नाहीतर दुसऱ्याले देतो."

तिचा भाऊ पातूरहून मुद्दाम आला होता. हे काम जमलं नाही तर माहेरी येते, असा शब्द तिने त्याला दिला होता. बाहेर पडल्या पडल्या तो म्हणाला, "झालं ना पाहून? रविवारी गाडी आणतो. सामान बांधून ठेव."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी चपला शोधत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने क्लासच्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, आहे ते पान राहू द्या, मोबाइलसाठी एक वेगळं बनवा. तिने ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि मला म्हणाली, "आई, मी टेबल काढून टाकते. नव्यानंच मांडते सगळं."

घरात टेबल एकच. माझ्या मुलाने घेतलेलं, कॉम्प्युटर त्यावरच असतो. मला वाटलं, हिची बांधाबांध सुरू झाली.

मी म्हटलं, "जायचं तर जाय. टेबल नेऊ नको. माह्या पोराचं आहे ते."

ती म्हणाली, "कावून व आई? मी गेली तर चालते, अन् टेबल गेलं तर नाही?"

"टेबलाले थांब म्हणून सांगा नाही लागत. तुले कोणत्या तोंडानं सांगू?"

ती खुर्चीत बसली आणि हसायला लागली. हसता हसता ओढणीने डोळे पुसले. "लाकडाचं नाही व आई. पानातलं टेबल. पानावर आखलेल्या चौकटी."

मग तिने मला शेजारी बसवून दाखवलं. क्लासमध्ये शिकवलेली रीत जुनी होती. पानावर आडव्या-उभ्या चौकटी आखायच्या आणि एकेका चौकटीत फोटो, मजकूर बसवायचा. पडदा लहान झाला तरी चौकटी जागच्या हलत नाहीत. नव्या रीतीला ती ग्रिड म्हणाली. त्यात आधीच सांगून ठेवता येतं, जागा असेल तर शेजारी बसा, नसेल तर एकाखाली एक या. मी चौथीपर्यंत शिकले. मला अर्धं समजलं.

"सर तर वेगळं पान कर म्हणून राहिले," मी म्हटलं.

"दोन पानं केली तर प्रत्येक गोष्ट दोनदा बदला लागते. मले एकच करायचं आहे. नीट."

शुक्रवारी दुपारी तिने हाक मारली. पडद्यावरचं पान ती माऊसने अरुंद करत गेली, तसे फोटो गुमान एकाखाली एक उतरत गेले. मी म्हटलं, "पुन्हा कर." तिने पुन्हा केलं. मी पुन्हा म्हटलं. भाजी करपली.

शनिवारी मालकाचा फोन आला. पान पसंत पडलं होतं. त्याच्या साडूच्या लॉनचं कामही तो हिलाच सांगत होता. रविवारी भाऊ गाडी घेऊन आला, जेवला, तिच्याशी थोडं भांडला आणि एकटाच परत गेला.

माझा मुलगा गेला तेव्हा घरात आम्ही दोघी उरलो होतो. आजही त्या घरात आम्ही दोघी राहतो.