सोळा इंची दंड

शाळेपासून त्याला सगळे काडीपैलवान म्हणायचे. पुढे तो टेलर झाला, दिवसभर दुसऱ्यांच्या रुंद छात्यांची मापं घेऊ लागला आणि स्वतःचे बारके दंड ढगळ बाह्यांत लपवू लागला. लाज माणसाला काय काय करायला लावते बघा! तिशीत त्याने जिम लावली. वर्षभर घाम गाळला, पण दंड ढिम्म हलेना. तेव्हा ट्रेनरने हळूच कानात सांगितलं, "नुसत्या अंड्यांनी काय होतंय? आठवड्याला एक इंजेक्शन घे. सगळेच घेतात."

आणि या शहाण्याने घेतलं! ना डॉक्टर, ना चिठ्ठी. दुकानाचं शटर ओढून, कापायच्या टेबलाला टेकून स्वतःच टोचायचा. जन्म सुईदोऱ्यात गेलेला, त्याला सुईची कसली भीती? दर रविवारी घरी आरशासमोर टेपने दंड मोजायचा. सोळा इंच भरले तसे लोक नुसतं पैलवान म्हणू लागले.

इकडे लग्नाला पाच वर्षं होऊन मूल होईना. दोन वर्षं बायकोचं रक्त तपासलं, सोनोग्राफ्या झाल्या, गोळ्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी एकदा त्यालाही विचारलं, "तुम्ही काही औषधं घेता? तपासणी करून घ्या."

"छे हो, मला काय धाड भरलीय!" म्हणत त्याने दंड फुगवून दाखवला. बाई हसल्या आणि पुन्हा बायकोकडे वळल्या. चुकलं त्यांचंही, पण धडधडीत खोटं बोलला तो हाच. बरं, ठाऊक नव्हतं असंही नाही. इंजेक्शनांपायी जिममधल्या एकाला मूल होत नव्हतं, हे त्याने ऐकलं होतं. ऐकून कानाआड केलं.

शेवटी बायकोला भूल देऊन पोटात दुर्बीण घालून बघायचं ठरलं. त्या सकाळी तिला दाखल करण्याआधी तो एक शर्ट संपवायला बसला. चित्त थाऱ्यावर नव्हतं, मशीनची सुई थेट बोटात घुसली. दवाखान्यात बायकोला दाखल केल्यावर तिथल्या सिस्टरने त्याचं बोट पाहिलं आणि ती म्हणाली, "धनुर्वाताचं देऊन टाकते. पालथे व्हा." तिची बोटं कमरेखाली जागा चाचपू लागली आणि थांबली.

"इथे गाठी आहेत. सगळ्या उजवीकडेच. कोण टोचतं?"

उजव्या हाताने टोचायला उजवी बाजूच सोपी पडायची.

"जिमवाली इंजेक्शनं ना? माझ्या भावाचं झालंय हे," सिस्टर आवाज उतरवून म्हणाली. "यानेच मूल होत नसेल. उपचारांनी पुष्कळदा सुधारतं. पण तिकडे तिला आत न्यायची तयारी चाललीय. आत्ता सांगणार, की तिच्या पोटाला भोकं पाडल्यावर?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विजार सावरत तो बायकोच्या खाटेपाशी गेला आणि डॉक्टरीणबाईंसमोर सगळं ओकला. बाई म्हणाल्या, "आज काही करायचं नाही. आधी तुमची तपासणी. ती मी तेव्हाच लावून धरायला हवी होती."

त्या गेल्यावर बायको हाताला लावलेल्या सलाईनच्या सुईकडे बघत राहिली.

"मागच्या महिन्यात मी म्हणाले होते, खोट माझ्यातच आहे, तुम्ही दुसरं लग्न करा. आठवतं?"

"हो."

"रविवार होता. तुम्ही पाठमोरे उभे होतात. हूं की चूं केलं नाहीत. मला वाटलं, रडताय. काय करत होतात?"

अजूनही खोटं बोलता आलं असतं. तिने ते खरंही मानलं असतं.

"दंड मोजत होतो," तो म्हणाला.