आवाज न करता हसणारी नणंद

माझी नणंद आवाज न करता हसते. तोंड मिटलेलं, नाक लाल, डोळ्यांत पाणी आणि खांदे गदागदा हलतात. त्या खांद्यांनी माझ्या संसारात जेवढा त्रास दिला, तेवढा सासूनेही दिला नाही.

ताई शर्टांना काज-बटण करतात. मागच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर शर्टांचा ढीग. लहानपणी घर एकाच खोलीचं आणि वडील रात्रपाळीचे, त्यामुळे दिवसभर तिथेच झोपलेले. ताई काजं करायच्या आणि हा, म्हणजे माझा नवरा, समोर बसून शेजाऱ्यांच्या नकला करायचा. वडील जागे झाले की दोघांनाही फटके. म्हणून त्या तसं हसायला शिकल्या आणि हा त्यांचे खांदे बघत नकला करायला शिकला. मी यायच्या आधी पंधरा वर्षं हे चाललेलं. ताईंनी लग्न केलं नाही. कशाला करतील, माझा नवरा होता की हसवायला.

पुढे याची एका जाड्या मित्राशी जोडी जमली आणि दोघं स्टेजवर विनोदी कार्यक्रम करू लागले. ‘काडी आणि ढोल’ म्हणून दोघांना लोक ओळखू लागले. काडी माझा.

यंदा त्यांनी प्राण्यांच्या जुन्या गोष्टींचा अल्बम करायला घेतला. गाणी ढोलची, प्राण्यांचे आवाज याचे. पण स्टुडिओत प्रेक्षक नसतात. विनोद झाल्यावर किती थांबायचं ते दोघांना कळेना. पहिल्या दिवशी ससा झोपायच्या आत कासव पोचलं.

“उद्यापासून ताईला नेतो,” हा म्हणाला.

“मी येते की.”

“तू मोठ्याने हसतेस. टेक वाया जाईल.”

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. आठ दिवस ताई माइकसमोर स्टुलावर बसल्या. खांदे हलले की दोघं थांबायचे, खांदे निवले की पुढे. मी शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत जळत होते. घरी आल्यावर हा सांगायचा, कोल्ह्याला ताई अशी हसली, बगळ्याला तशी. एकदा मी आमटीत मीठ जास्त घातलं, मुद्दाम. दोघांनी ती न बोलता खाल्ली.

नवव्या दिवशी ताईंची दाढ सुजली आणि गाल टम्म फुगला. मला वाईट वाटायला हवं होतं. मी ऑफिसात फोन करून रजा टाकली.

त्या दिवशी वाघाचं कातडं पांघरलेल्या गाढवाचं गाणं होतं. मी ताईंसारखीच बसले, तोंड मिटून, हात मांडीवर. त्या जिथे हसल्या असत्या, तिथे खांदे हलवले. दोघं थांबत होते, पुढे जात होते. माझ्याच नवऱ्याला मी त्याच्या बहिणीची नक्कल करून गंडवत होते, आणि त्याला पत्ता नव्हता. मग त्या वाघाला शेतापलीकडे दुसरं गाढव दिसलं आणि त्याला राहवलं नाही. याने असा काही आवाज काढला की मी फुटलेच. खो खो, स्टूल करकरेपर्यंत. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने कपाळाला हात लावला. हा मात्र गप्प उभा राहिला. माझं हसू पूर्ण संपू दिलं आणि मगच पुढची ओळ घेतली.

तो टेक ढोलने हट्टाने ठेवला. अल्बम आला, आणि जो तो म्हणे, “गाढवाला ताई काय हसल्यात!” आठ दिवस त्या बसल्या होत्या हे सगळ्यांना माहीत होतं ना. त्यांच्या हसण्याला आवाज नसतो हे घराबाहेर कुणाला ठाऊक?

शेवटी मीच फोन घेऊन ताईंच्या खोलीत गेले. म्हटलं, निदान एका माणसाला तरी कळू दे. त्या काजं करता करता ऐकत होत्या. गाढव झालं आणि सुई थांबली.

“परत लाव गं.”

लावलं.

“अजून एकदा.”

तिसऱ्यांदा त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

“सात,” त्या म्हणाल्या. “सात मोजेपर्यंत थांबलाय तुझ्यासाठी. माझ्यासाठी तीनच्या पुढे कधी नाही थांबला.”

नाक लाल होतं, डोळ्यांत पाणी होतं. खांदे हलत नव्हते.

बाकीची सगळी गाणी तुमचीच आहेत ताई, एवढं म्हणायला माझं काय जात होतं? मी म्हटलं, “परत लावू?”