सिस्टरबाईंचं खळं

सिस्टरबाईंचा उजवा हात कमरेपासून खांद्यापर्यंत यायला इतका वेळ लागे, की तेवढ्यात धसईहून मुरबाडची एसटी भरून निघून जाई. एरवी बाई भलत्या चपळ. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. सुई टोचून झाली तरी माणूस डोळे मिटूनच बसलेला असे. निवृत्तीनंतर खांदा आखडला, तेव्हा ठाण्यात कुठल्याशा वर्गात त्या ताइची, म्हणजे अगदी संथ हालचालींचा चिनी व्यायाम, शिकल्या आणि घरापुढच्या खळ्यावर आम्हा दहा-बारा जणांना शिकवू लागल्या.

"हात पाण्यात हाय असं समजा," त्या म्हणत. "घाई केली तं मासा पळंल."

आवडीकाकू गुडघा धरून म्हणायची, "बाई, लावणीला इतकी हळू वाकली असती तं सासूनी हाकलली असती मला!"

बाईंचा एक नियम होता. येताना प्रत्येकाने आपल्या गोळ्यांचं पाकीट आणायचं. "ह्यो व्यायाम गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाय," असं रोज बजावत आणि पाकिटातली रिकामी घरं स्वतः तपासत.

मी प्रेशरचा. दोन महिन्यांत झोप लागू लागली, डोकं हलकं झालं, आणि मी परस्पर ठरवलं की आता गोळी नको. बाईंना सांगायची हिंमत नव्हती. म्हणून रोज सकाळी एक गोळी काढून मोरीत टाकायचो. बाई पाकीट बघून "शाब्बास" म्हणत. त्या शाब्बासकीचीही मला लाज वाटली नाही.

भाताच्या गिरणीत उभा असताना माझी डावी बाजू गेली. मुरबाडला दवाखान्यात डोळे उघडले तर उशाशी थोरला भाऊ, दादा. माझ्या बायकोला मोरीत गोळ्या सापडल्या होत्या.

"गोळ्या फेकायला कोनी सांगितलं? त्या बाईनीच ना?"

वाचा गेली होती. मी हो म्हणून मान हलवली.

बाई बौद्धवाड्यातल्या. आमच्या आळीतल्या बायका त्यांच्या खळ्यावर जातात हे दादाला आधीपासून खुपत होतं. ते मला ठाऊक होतं. तरी हलवली.

दादा चार माणसं घेऊन त्यांच्याकडे गेला. बाईंनी एवढंच विचारलं म्हणे, "त्यानी सांगितलं असं?"

"हो."

"मग उद्यापासून कोनी येऊ नका."

नर्सबाईच गोळ्या बंद करायला लावते, ही गोष्ट एका बाजाराच्या दिवसात गावोगाव गेली. माझी वाचा पंधरवड्यात परत आली. खरं सांगायला तेवढी पुरेशी होती. मी सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात, दादा शेतावर असताना, बाई आमच्या घरी आल्या. काही विचारलं नाही. माझा डावा हात खालून नुसता धरला. "उचल. मी नाय उचलनार, तूच उचल." मला घाम फुटला. तो घाम हात उचलण्याच्या कष्टाचा आहे असं त्यांना वाटावं, एवढीच माझी इच्छा. आठ दिवस त्या येत राहिल्या. रोज मी ठरवायचो, उद्या सांगू. नवव्या दिवशी त्या शहापूरजवळ सापगावला लेकीकडे राहायला गेल्या, कायमच्या.

दोन वर्षांनी तिथे जाऊन सगळं बोललो. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला नाही.

"ठाऊक होतं रे मला. मी सांगितलं असतं तं तुला मोरीत लपवायची काय गरज होती?" मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पन मला कशाला सांगतोस? माझ्यासमोर नाय हलवलीस तू मान."

गेल्या रविवारी देवळापुढे गाव जमला होता. मी उभा राहिलो आणि सांगितलं. दादा मध्येच उठून गेला.

शेवटी आवडीकाकू म्हणाली, "वाटेत भेटली तं ती बाई इचारायची, गुडघा कसा हाय. न् आमी तोंड फिरवायचो रे."

तिने पदराने डोळे पुसले आणि सापगावला कसं जायचं ते विचारलं. मला नाही, शेजारी बसलेल्या बाईला.