शेवटच्या बाकाची ओळ

त्यांना पोरं ‘स्वल्पविराम’ म्हणायची. तोंडावर नाही अर्थात, तोंडावर म्हणायची कुणाची टाप होती! पण जिन्यात पावलं वाजली की ‘आला रे, स्वल्पविराम आला’ अशी कुजबुज व्हायची आणि वर्ग चिडीचूप. कारण असं, की इंग्रजीचे हे सर कविता म्हणताना प्रत्येक स्वल्पविरामाला उजव्या हाताचं एक बोट वर करायचे. बोट वर असेपर्यंत थांबायचं, खाली आलं की पुढे जायचं. एखादं पोरगं घाईत पुढे पळालं की संपलंच. “कुठे आग लागलीय का? कवीने तिथे थांबायला सांगितलंय ना? मग थांब की मेल्या!”

माध्यमिक शाळेतल्या पोरांना जुनी नाटकं आणि जुन्या कविता शिकवायच्या म्हणजे काय खायचं काम नाही. एक तर भाषा परकी, त्यातून दोन-तीनशे वर्षांपूर्वीची. बाकीच्या शिक्षकांनी त्यावर सोपा उपाय काढलेला. सारांश फळ्यावर, उत्तरं वहीत, घोका आणि ओका. सरांच्या अंगाचा याने तिळपापड व्हायचा. “पोपटपंची माझ्या वर्गात नको,” ते म्हणायचे. “माझ्या घरी एक पोपट आहे, तेवढा पुरे.”

यावर सगळा वर्ग शेवटच्या बाकाकडे वळून बघायचा, आणि तिथे बसलेली सरांची मुलगी कपाळावर हात मारून घ्यायची. घरी तिला पोपटच म्हणायचे. सकाळी डोळे उघडले की जी टकळी सुरू व्हायची ती झोपेतही थांबेल याची खात्री नाही. उंच होती म्हणून शेवटच्या बाकावर. शाळेत तिने बापाला ‘सर’ म्हणायचं आणि बापाने तिला इतरांइतकंच, किंबहुना इतरांपेक्षा चार शब्द जास्तच बोलायचं, असा अलिखित करार होता.

तर सरांची पद्धत होती साखळीची. कविता पहिल्या बाकापासून सुरू व्हायची आणि एकेकाने एकेक ओळ म्हणत ती शेवटच्या बाकापर्यंत जायची. ज्याची जी ओळ ठरली ती वर्षभर त्याची. पोरांना त्याचाही अभिमान. मधल्या सुट्टीत ‘तुझी ओळ फुसकी, माझ्या ओळीत वादळ आहे’ अशी भांडणं चालायची. कुणी आलं नाही तर शेजारच्याने त्याची ओळ म्हणायची. “माणूस गैरहजर राहतो,” सर बजावायचे, “ओळ गैरहजर राहता कामा नये.”

त्या वर्षीची कविता होती एका कोळ्याच्या बायकोची. नवरा समुद्रावर गेलाय आणि ती किनाऱ्यावर उभी आहे. एका कडव्यात ती जाळी वाळत घालते, एका कडव्यात पोरांना घरात हाकलते, एकात वारा सुटतो. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तीच ओळ येते. आपल्या भाषेत सांगायचं तर, ‘अजून होडी दिसत नाही.’ फक्त शेवटच्या कडव्यात कवी ती ओळ बदलतो आणि म्हणतो, ‘आता ती तिकडे बघत नाही.’ बस, संपली कविता.

ही अगदी शेवटची ओळ शेवटच्या बाकाच्या वाट्याला आली. म्हणजे पोपटाच्या.

आता हे पाठांतर केलेल्या कुणालाही कळेल, की जी ओळ जिभेला चार वेळा लागली ती पाचव्या वेळीही आपणहून येते. पोपटाचंही तसंच झालं. पहिल्या दिवशी साखळी फिरत फिरत तिच्यापर्यंत आली आणि ती ठसक्यात म्हणाली, ‘अजून होडी दिसत नाही.’ सरांनी बोट वर केलं ते वरच ठेवलं. “शेवटी ओळ बदलते. परत.” परत तेच. तिसऱ्यांदाही तेच. पहिल्यांदा चूक झाली असेल, पण पुढे पुढे पोरीने ते हट्टानेच धरून ठेवलं.

त्यावरून घरी जेवताना जुंपली.

“बाबा, ती बाई बघायची कशी थांबेल? कवीला काय कळतंय!”

“कवीला नाही कळत आणि तुला कळतं! आलीस मोठी शहाणी. परीक्षेत गुण जातील.”

“आईला विचारा. आई, तू थांबली असतीस बघायची?”

“मला नका ओढू तुमच्या शाळेत,” आई म्हणाली. “पानात काय टाकलंयस ते संपव आधी.”

सहामाहीनंतरच्या सुट्टीत पोपटाला ताप आला. साधाच वाटला. डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या, मग मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं, आणि सुट्टी संपायच्या आत पोर गेली. याहून जास्त त्यात सांगण्यासारखं काही नाही.

शाळा उघडली त्या दिवशी सर शाळेत हजर. इस्त्रीचा सदरा, खिशात खडू, सगळं जिथल्या तिथे. शिक्षकांच्या खोलीत भूगोलाच्या बाईंनी डोळ्याला पदर लावला, तर सर त्यांना म्हणाले, “नववीचे पेपर तपासून झाले का तुमचे?”  लोकांचं काय, रडलं तरी बोलतात आणि नाही रडलं तरी बोलतात. कुणी म्हणालं, केवढा धीराचा माणूस. कुणी म्हणालं, काळीज आहे की धोंडा. सरांना दोन्ही ऐकू यायचं आणि दोन्हीचं काही वाटायचं नाही. दात काढायच्या आधी सुई टोचतात ना, मग गाल आपला असून आपला नसतो, चावला तरी कळत नाही, तसं त्यांचं सगळ्याच बाबतीत झालं होतं. चहा गरम आहे की गार हेसुद्धा कप रिकामा झाल्यावर आठवायचं नाही.

वर्गात फरक एवढाच पडला की साखळी बंद झाली. सर यायचे, फळ्यावर सारांश लिहायचे, उत्तरं सांगायचे. घोका आणि ओका. बोट वर जायचं थांबलं. मुख्याध्यापिका मात्र खूश. चाचणीत सरांच्या वर्गाला पहिल्यांदाच इतके गुण मिळाले होते. “बघा, हेच मी इतकी वर्षं सांगत होते,” त्या म्हणाल्या, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन घाईघाईने फाईल शोधू लागल्या. सर म्हणाले, “हो.”

नाटकाचा पाचवा अंक आला. दोन भावांचं जुनं नाटक, एकमेकांवर शहराचे दरवाजे बंद करणाऱ्या दोन भावांचं. पाचव्या अंकात निम्मी पात्रं मरतात. दरवर्षी या तासाला वर्गात धमाल असायची. मोजपट्ट्यांच्या तलवारी निघायच्या, जो मेला त्याने बाकावर डोकं टेकवायचं, आणि एखादा तालेवार नट मरता मरता पाच मिनिटं खायचा. या वर्षी धाकट्या भावाचं काम करणारा पोरगा उभा राहिला, पुस्तकात बघितलं, शेवटच्या बाकाकडे बघितलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, “सर, आज नको ना मरायला.”

सरांनी पान उलटलं. “बस खाली. तो मरतो. पुढे लिहून घ्या.”

घरी याहून वाईट. पोपटाच्या आईला बोलायचं असायचं. पोर अशी होती, पोर तशी होती, निळा फ्रॉक कुणाला देऊ की ठेवू, तिच्या मैत्रिणी रस्त्यात भेटल्या होत्या. सर ऐकायचे. “हं” म्हणायचे. मुलगी गेल्यापासून त्यांनी एकदाही तिला हाक मारल्यासारखं ‘पोपट’ म्हटलं नव्हतं, तिच्याबद्दल आपणहून एक अक्षर काढलं नव्हतं. मुद्दाम नाही हो. आत हात घातला तर हाताला काही लागतच नव्हतं. बायकोला हे कसं सांगायचं? आणि सांगायला तरी शब्द कुठून आणायचे?

शेवटी तीही माणूसच. एका शुक्रवारी भांडी घासता घासता, मागे न बघता ती म्हणाली, “उद्या दादा येतोय. मी त्याच्याबरोबर जाते.”

“किती दिवस?”

“ते नाही सांगता यायचं.” तिने नळ बंद केला. “अहो, मला तुमच्याकडून काही नको. रडू नका, नाही तर नका रडू. पण तिच्याबद्दल एक शब्द तरी बोला. ती माझी एकटीचीच होती का? या घरात मला असं वाटायला लागलंय की मुलगी होती हे माझ्याच मनाचं आहे. भिंतीशीच बोलायचं तर दादाकडे निदान माणसं तरी आहेत.”

सरांना कळलं. अगदी नीट कळलं की बायको उद्या गेली तर ती परत यायची नाही, आणि आता काहीतरी बोललं पाहिजे. ते दारात उभे राहिले. तोंड उघडलं. “बॅग माळ्यावर आहे,” ते म्हणाले. “काढून देतो.”

शनिवारी शाळा अर्धा दिवस. शेवटचा तास सरांचा. तोंडी परीक्षा तोंडावर आलेली, बाहेरचे परीक्षक येणार आणि मुलांकडून कविता म्हणवून घेणार. सरांनी खडू उचलला, तेवढ्यात शेवटच्या बाकावरची चष्मेवाली उभी राहिली. पोपटाची शेजारीण. आता त्या बाकावर एकटीच, तीही कोपऱ्यात अंग चोरून, दुसऱ्या जागेवर दप्तरसुद्धा ठेवायची नाही.

“सर, साखळी करायची का? तोंडीला म्हणायचं आहे ना, विसरायला झालंय.”

नाही म्हणायलाही काही कारण लागतं. सरांना ते सुचलं नाही. “करा,” ते म्हणाले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

कविता निघाली. पहिल्या बाकावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. जाळी वाळत पडली, पोरं घरात गेली, वारा सुटला. सरांचं लक्ष नव्हतं. खाली मैदानात शिपाई पाईप घेऊन झाडांना पाणी घालत होता, ते बघत होते. मग चष्मेवालीने आपली ओळ म्हटली आणि वर्ग थांबला.  सरांना पाठमोरं असूनही कळलं की साखळी कुठे आलीय. 

चष्मेवालीने शेजारणीची ओळही म्हटली. नियमच होता तसा.

‘अजून होडी दिसत नाही.’

सर वळले. बोट आपोआप वर गेलं होतं. इतक्या वर्षांची सवय. “परत,” ते म्हणाले.

‘अजून होडी दिसत नाही.’

“ओळ अशी आहे का?”

“हो सर.” पोरगी गोंधळली. “अशीच आहे ना?”

“तुला कुणी सांगितलं?”

चष्मेवालीने फक्त बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

सरांनी पहिल्या बाकाला विचारलं, शेवटची ओळ काय? पहिल्या बाकानेही तेच सांगितलं. खिडकीकडच्या रांगेने तेच. दाराकडच्या रांगेत एक हुशार मुलगा होता, तो खरी ओळ सांगू लागला, तर आजूबाजूचे त्याच्यावर खेकसले, “ए, ती नाही रे!” पुस्तकात बघून कोण पाठ करतो? सगळे ऐकून पाठ करतात. आणि सहामाहीपर्यंत रोज, ठसक्यात, बापाच्या वर गेलेल्या बोटाला न जुमानता ती ओळ त्यांना एकाच पोरीने ऐकवली होती.

शाळा सुटल्याची घंटा झाली. पोरं उठली नाहीत. सरांनी बोट हळूच खाली घेतलं आणि म्हणाले, “जा घरी.”

घरी पोचले तेव्हा मेहुणा बाहेरच्या खोलीत बसलेला, पायाशी बॅग. बायको चपला घालत होती. “जेवण झाकून ठेवलंय,” ती म्हणाली. “दूध तापवलंय.”

सर दारातच उभे. 

“अगं,” ते म्हणाले, “आपल्या पोपटाची चूक सगळ्या वर्गाला लागलीय.”

बायको एका पायात चप्पल घालून तशीच थांबली.

“ती शेवटची ओळ. सगळे तिच्यासारखीच म्हणतात. पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत. सगळीच्या सगळी गाढवं.” त्यांना धाप लागल्यासारखं झालं होतं. “ती बाई अजून बघतेच आहे.”

 मेहुण्याला कशाचा काही पत्ता लागेना, तो आळीपाळीने दोघांकडे बघू लागला.

“तुम्ही दुरुस्त केलंत?” तिने विचारलं.

“नाही. सोमवारी करावं लागेल. तोंडीत गुण जातील पोरांचे.”

“किती?”

“अर्धा.”

तिने पायातली चप्पल काढून ठेवली. “मग जाऊ दे की अर्धा,” ती म्हणाली.

आणि सरांना रडू आलं. मेहुण्यासमोर, दार उघडं असताना, हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता आलं. बायकोने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, “दादा, तू जेवून जा. मी आज येत नाही.”