कुत्रीशी वेल्श, सुनेशी इंग्रजी

लॉरेनला फ्लॉसचा हेवा वाटायचा. फ्लॉस म्हणजे तिच्या सासऱ्यांची, टेक्विनची, मेंढ्या राखणारी कुत्री. वेल्समधल्या बाला गावाच्या वरच्या अंगाला त्यांचं शेत. तिथे म्हातारा फ्लॉसशी वेल्शमध्ये बोलायचा, मेंढ्यांना वेल्शमध्ये शिव्या घालायचा, नातवंडांना वेल्शमध्येच दटावायचा. सुनेकडे वळला की मात्र इंग्रजी. तेही बँकेत गेल्यासारखं. "लॉरेन, जरा मीठ द्याल का इकडे?"

ती न्यूपोर्टची. देश तोच, पण तिच्या माहेरी तीन पिढ्यांत कुणाच्या तोंडी वेल्शचा शब्द नव्हता. ग्विंदावशी लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली होती. दोघांना सुरुवातीला इंग्रजीची सवय लागली ती लागलीच. "आता मध्येच भाषा बदलली तर दुसऱ्याच बाईशी बोलतोय असं वाटतं गं," असं ग्विंदाव म्हणायचा आणि टँकर घेऊन दूध गोळा करायला निघून जायचा. म्हाताऱ्याचं कारण वेगळं होतं. "तिला कशाला उगाच त्रास?" म्हणजे एकोणीस वर्षं ती पाहुणीच. याचं तिला फार वाईट वाटायचं. या म्हाताऱ्यानं एकदा तरी आपल्याशी आपणहून वेल्श बोलावं, एवढंच तिला हवं होतं.

पळणं तिचं जुनं, धाकट्याच्या जन्मानंतरचं. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिनं वेल्शच्या वर्गात नाव घातलं आणि पंचाईत झाली. वर्ग मंगळवारी संध्याकाळी सहाला आणि पळणाऱ्यांचा क्लबही मंगळवारीच, सातला. दिवसभर शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण रांधायचं, मग पळायचे बूट घालून वर्गात बसायचं आणि संपायच्या आत सटकायचं. नेरिस, तिची शिक्षिका, दारापर्यंत ओरडत यायची, "अगं, वाक्य तरी पुरं करून जा!" क्लबातले म्हणायचे, "आल्या बघा पंडिताबाई, सगळ्यांच्या मागून!" दोन्हीकडून बोलणी खाऊन ती पळत राहायची.

शेवटी तिनं वर्गच डोंगरावर नेला. रविवारी पंधरा मैल पळायचं आणि पळता पळता घोकायचं. वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर बदलत राहतं, हा नव्या माणसाचा छळवाद. डोकं म्हणजे 'पेन'. पण माझं असेल तर 'म्हेन', तुझं असेल तर 'बेन', तिचं असेल तर 'फेन'. डोकं एकच, पण ते कुणाच्या धडावर आहे हे आधी ठरवायचं आणि मग तोंड उघडायचं. ती चढावर धापा टाकत "म्हेन, बेन, फेन" करत निघाली की मेंढ्या चरायचं थांबून बघायच्या.

घरी मात्र काही हलेना. वर्गात बसवलेलं वाक्य ती जेवताना हळूच पुढे करायची, "ताइद, आज वारा गार आहे ना?" ताइद म्हणजे आजोबा. मुलं म्हणायची म्हणून तीही तेच म्हणायची. म्हातारा कौतुकानं मान हलवायचा आणि इंग्रजीत सांगायचा, "छान जमतंय हं तुम्हाला." तिला ताट आपटावंसं वाटायचं.

एप्रिलमधल्या एका रविवारी ती वरच्या कुरणातून पळत उतरत होती. भिंतीपलीकडे फ्लॉस वेड्यासारखी भुंकत होती. लॉरेन भिंत चढून पाहते तर टेक्विन चिखलात पडलेला. पाऊल भलतीकडेच वळलेलं आणि म्हातारा हट्टानं उठून उभा राहू पाहतोय.

माणूस घाबरला की त्याच्या तोंडी वर्गातलं येत नाही, घरातलं येतं. आणि घरात लॉरेनच्या कानावर रोज जी वेल्श पडत होती ती कुत्रीला उद्देशून.

"गोरवेद!" ती मोठ्यांदा ओरडली. म्हणजे, पड खाली! "आरोस!" म्हणजे, थांब तिथंच!

फ्लॉस तत्क्षणी आडवी झाली. तिच्या शेजारी टेक्विनही.

"हलू नकोस! वेडा आहेस का तू?" लॉरेनचं वेल्शमध्ये चालूच होतं. जॅकेट काढून तिनं त्याच्या अंगावर टाकलं. फोनला रेंज नव्हती, तिथे कधीच नसते. म्हातारा दात आवळून बोलू लागला, "खालच्या फाटकानं नको जाऊस. ओढा चढलाय. भिंतीच्या डाव्या हातानं जा. पहिलं घर रिकामं आहे, दुसऱ्या घरी फोन कर."

ती सुटली. पायात आधीच बारा मैल होते, त्यात हे दोन. ओढा टाळून भिंतीच्या डाव्या हातानं, पहिलं घर सोडून दुसऱ्या घरी. दार ठोठावताना तिच्या लक्षात आलं की यातला एकही शब्द त्यानं इंग्रजीत सांगितला नव्हता.

पण दुखण्याच्या भरात माणूस काहीही बोलतो. दुसऱ्या दिवशी ग्विंदावबरोबर इस्पितळात जाताना तिनं मनाची तयारी करून ठेवली होती. आता "आपले फार आभार" असं काहीतरी इंग्रजीत ऐकायचं आणि घरी यायचं.

टेक्विन पाय टांगून पडला होता. त्यानं तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि वेल्शमध्ये सुरू झाला.

"कुत्रीला म्हणतात तसं मला म्हणालीस तू. गोरवेद म्हणे! आणि वर अरे-तुरे. सासऱ्याला गोरवेदुख म्हणतात. शेवटी 'उख' लावायचं. म्हण बघू."

"गोरवेदुख," लॉरेन म्हणाली.

"घशातून काढ. परत."

"गोरवेदुख."

बिचारीला काही कळलं नसेल असं वाटून ग्विंदाव तिच्या कानाशी लागला आणि हळू आवाजात इंग्रजीत सांगू लागला, "बाबांचं म्हणणं असं, की वडीलधाऱ्यांशी बोलताना—"

"ए!" म्हातारा उशीवरून डोकं उचलून मुलावर खेकसला. "मी माझ्या सुनेशी बोलतोय. तू मध्ये पडू नकोस."