किसनरावांचा कूलर आणि बोळीकडची खिडकी

किसनरावांविषयी चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसलो, पण ते आठवले की आधी चीडच येते. मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

वर्ध्याजवळ बोरगाव मेघेत आमची घरं शेजारी होती, मध्ये फक्त एक बोळ. किसनराव मूळचे रोहण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले; वर्ध्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर नोकरी करत. स्वभाव प्रेमळ, हात मोकळा, आणि कुणाचं ऐकण्याच्या बाबतीत निव्वळ दगड.

उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, हे आमच्याकडे सगळेच करतात. किसनराव ते व्रतासारखं करत. दुपारी घरात कुठल्या फटीतून उजेड दिसला, तर चिंधी घेऊन धावत.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांची मुलगी शोभा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिच्या सासरी, नागपूरला, कूलर होता. तिला पोचवायला आलेल्या सासूबाई, आनंदाबाई, निघताना सहज बोलल्या, "वर्ध्याच्या उन्हात पोरीचं कसं होईल, पाहा बाप्पा. नाई जमलं तं कळवा, नेतो आमी."

ते किसनरावांच्या जिव्हारी लागलं. मुलगी तीन महिने माहेरीच राहील असं त्यांनी सगळ्या नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं. आठवड्याच्या आत त्यांनी टिनाचा कूलर करून आणला. आत पंखा, पाणी चढवायची मोटर, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या. तो मधल्या खोलीच्या अंगणाकडच्या खिडकीत बसवला. बसवणारा कारागीर जाताना म्हणाला, "समोरची खिडकी उघडी ठेवजा." किसनरावांनी मान डोलावली, आणि तो वळताच बोळीकडची ती खिडकी खिळे ठोकून पक्की केली. झरोक्यात जुनी वर्तमानपत्रं कोंबली. दाराखाली पोतं.

"गारवा बाहेर गेला नाई पायजे," ते मला म्हणाले.

संध्याकाळी मला कूलर दाखवायला बोलावलं. खोलीत शिरलो तर न्हाणीघरात शिरल्यासारखं वाटलं. कूलर घरघरत होता, वारं जोरात येत होतं आणि अंगाला चिकटत होतं. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई आगपेटीची काडी ओढून ओढून थकल्या होत्या. पापड वातड झाले होते.

मी धीर करून म्हणालो, "किसनराव, ती बोळीकडची खिडकी थोडी उघडली तर? आत आलेल्या हवेला जायला वाट नको का?"

"काऊन? गल्ली थंड करून राह्यलो का मी?"

मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताट्या बदलल्या. मग मोटर बदलली. मग टाकीत बर्फ टाकला. रोज मला हाक, रोज "हात लावून पाहा, वासुदेवराव," आणि रोज मी खिडकीकडे बोट दाखवायचो. ते माझ्याकडे असे बघायचे, जणू मी त्यांच्या घरातून काही चोरायला आलोय.

शोभाला मुलगी झाली. दवाखान्यातून ती घरी आली त्याच दिवशी किसनरावांची थोरली बहीण देवकाबाई रोहण्याहून आली, येताना शेगडी घेऊन. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी हवीच, आणि कानाला फडकं. मे महिन्यात.

"तो डब्बा बंद कर," देवकाबाई म्हणाल्या. "बाळंतिणीले वारं बाधते."

"आक्का, तुई शेगडी काढ. पोरगी भाजून राह्यली."

"तू बी याच शेगडीवर वाढला."

"मी दिवाळीत झालतो, आक्का."

कूलर दुपारी, शेगडी सकाळ-संध्याकाळ, असा काही दिवस तह चालला. मग दोन्ही एकदमच सुरू झालं. बाजेखाली निखारे, डोक्याशी कूलर. बहीण-भावाचं कशावरही जमत नव्हतं, एक गोष्ट सोडून: खिडकी बंद पाहिजे. बहिणीला बाहेरचं वारं आत नको होतं, भावाला आतलं बाहेर जायला नको होतं. शोभाच्या पाठीवर घामोळ्या उठल्या. लेकरू दूध सोडून रडत राही. मला आमच्या घरात ऐकू येई आणि चिडचिड होई. वाटे, आपणच जाऊन ते खिळे उपटावेत. पण दुसऱ्याचं घर.

बाळाला पाहायला आनंदाबाई भर दुपारी आल्या. सोबत म्हणून मलाही चहाला बोलावलं होतं. किसनरावांनी कूलर पूर्ण जोरावर सोडला. आनंदाबाईंनी पदराने मान पुसली, परत पुसली.

"कूलर चांगला हाय," त्या म्हणाल्या. "आवाज चांगला हाय."

"नागपुरी मोटर हाय, इहीणबाई."

"हो. पण इथं तांदूळ ठेवले तं चुलीबिगर शिजतीन." मग त्यांनी नातीच्या अंगावरचं दुपटं दूर केलं. लालभडक मान पाहिली आणि त्यांचा आवाज बदलला. "किसनराव, राग नका मानू. मी दोघींले घेऊन जातो."

"सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण उंबरठा ओलांडत नाई," देवकाबाई म्हणाल्या.

किसनराव शोभाकडे पाहत होते. शोभा इतके दिवस गप्पच होती. तिने कानाचं फडकं सोडलं.

"आत्या, शेगडी सैपाकघरात न्या. बाबा, खिडकी उघडा. नाई उघडली तं मी यांच्यासंग जातो."

"गारवा जाईल ना, बाई."

"मंग गारवा ठेवा. मी जातो."

किसनराव उठले. पक्कड आणून एकेक खिळा उपटू लागले. शेवटचा निघेना, तेव्हा मी खिडकीची फळी धरली. खिडकी उघडली आणि खोलीतली ती कोंदट वाफ आमच्या अंगावरून बोळीत गेली. मागून कूलरचं वारं आलं, कोरडं नाही, पण खरोखर थंड. थोड्या वेळाने लेकरू रडायचं थांबलं. आनंदाबाईंनी पदर अंगाभोवती ओढून घेतला. "आता गार वारं येऊन राह्यलं," म्हणाल्या, आणि संध्याकाळच्या एसटीने एकट्याच परत गेल्या.

मला वाटलं, आता तरी किसनराव कबूल करतील. ते म्हणाले, "ताट्या नव्या होत्या. मुरल्या आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी मला बोळीतून हाक आली. पाहतो तो त्या उघड्या खिडकीखाली किसनराव स्टुलावर बसलेले, उघड्या अंगाने, डोक्यावर ओला पंचा. शेजारी दुसरं स्टूल मांडलेलं.

"या, वासुदेवराव. गार वारं जाऊनच राह्यलं हाय, तं आपण तरी घेऊ. वाया काऊन घालवता?"

शोभा तीन महिने राहिली. तो सगळा उन्हाळा मी दुपारी त्या बोळीत बसून काढला.