‘काहून’ या नोंदीखालचं वाक्य

अमरावतीच्या एका कॉलेजात वऱ्हाडी बोलीच्या डिजिटल संग्रहाचं काम मिळालं, तेव्हा माझी त्या शहरात कुणाशीच ओळख नव्हती. मी साताऱ्याकडची. संध्याकाळी खोलीवर आले की बोलायला कुणी नसायचं. त्यामुळे याच कामासाठी दर शनिवारी अकोल्याला जायचं ठरलं, ते मला बरंच वाटलं.

अकोल्यात जठारपेठेत एक निवृत्त शिक्षक एकटे राहत. त्यांनी बोलीतले शब्द गोळा करून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून ठेवले होते. आता तो फॉन्ट कुठेच चालेना. फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. मी ती युनिकोडमध्ये आणली, तर वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या. मग सर मूळ वह्यांतून वाचायचे आणि मी दुरुस्त करायची. शिवाय शब्दाखालच्या प्रत्येक उदाहरणाला खूण जोडायची होती: कोण बोललं, कुठल्या गावचं. गाव जवळजवळ सगळीकडे नांदगाव खंडेश्वर. बोलणाऱ्याची जागा मात्र रिकामी. विचारलं की सर म्हणत, पुढे चला.

एका शनिवारी ‘काहून’ हा शब्द आला. म्हणजे ‘का’. खाली उदाहरण होतं, ‘तुमी माह्याशी काहून बोलून नाई राहिले?’

सर वाचता वाचता थांबले. तोवर ते माझ्याशी पुस्तकी मराठीतच बोलत आले होते.

“हे माही बायको मले म्हनली होती,” ते म्हणाले. “मी उत्तर नाई देल्लं. वाक्य चांगलं वाटलं, लिहून घेतलं.”

नांदगाव खंडेश्वर त्यांच्या पत्नीचं माहेर होतं. त्या जाऊन काही वर्षं झाली होती. सरांनी ते वाक्य काढून टाकायला सांगितलं. मी काढलं, आणि आठवडाभर खोलीत तेच मनात घोळत राहिलं.

पुढच्या शनिवारी त्यांनी एक चिठ्ठी समोर ठेवली. तिच्यावर पत्नीचं पूर्ण नाव होतं, माहेरच्या आडनावासकट. काढलेलं वाक्य परत घालायचं, आणि सगळ्या रिकाम्या जागी हे नाव. संबंध दुपार त्यातच गेली. गरज नसताना ते प्रत्येक वेळी नाव मोठ्यानं वाचत होते.

संग्रह लोकांसाठी खुला झाला, तेव्हा मी फोन केला. त्यांनी विचारलं, आता कुणीही तिचं नाव शोधू शकेल का? मी हो म्हटलं. फोन ठेवायची घाई मग दोघांनीही केली नाही.

त्यानंतर अकोल्याला जायचं कारण उरलं नाही. एका शनिवारी सवयीनं स्टँडवर गेले, बस लागलेली पाहिली आणि चालत खोलीवर परतले.